तुमच्या घरी आली तर?

तर्री पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना कुणी नाकासमोर माइक धरला, तर मुलीनं करावं तरी काय? मला ठसका लागला. डोळ्यांत पाणी, नाकात तिखट, आणि समोर तो... उन्हासाठी डोक्याला दुपट्टा बांधलेला, एका हातात माइक, दुसऱ्या हातात मोबाइल लावलेली काठी, आणि चेहरा असा की जणू ठसका त्यालाच लागलाय.

"सॉरी, सॉरी! पाणी घ्या ना, ताई..."

"ताई कोणाले म्हणून राहिले?" ठसक्यातूनही मी विचारलं. काही गोष्टी वेळच्या वेळी स्पष्ट केलेल्या बऱ्या.

तो हसला. छान हसला. त्या क्षणी मी हे मेले तरी कबूल केलं नसतं, पण आता काय लपवायचं!

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी टीव्हीवर प्रमोदिनीताईंची मुलाखत झाली होती. प्रमोदिनीताई म्हणजे आमच्या विदर्भातल्या पुढारी, बोलायला लागल्या की समोरच्याची पंचाईत करणाऱ्या. मुलाखत घेणाऱ्यानं त्यांना कोंडीत पकडायला विचारलं, "जातिभेद मिटवा म्हणता, पण तुमच्या घरी दुसऱ्या जातीतली सून आली तर?" ताई शांतपणे म्हणाल्या, "ओवाळून घरात घेईन. आता तुम्ही सांगा, तुमच्या घरी आली तर?" तो बिचारा असा काही गडबडला की चॅनलवर थेट जाहिरातीच लागल्या. सकाळपासून अख्ख्या नागपुरात दुसरा विषय नव्हता.

आणि हा मुलगा, इथल्याच एका छोट्या चॅनलचा वार्ताहर, तोच प्रश्न घेऊन सक्करदरा चौकात पोह्यांच्या गाडीपाशी प्रतिक्रिया गोळा करत होता. लोकही काय एकेक! एका काकांनी आधी चॅनल कोणतं ते विचारलं, मग ते अमरावतीला दिसतं का ते विचारलं आणि शेवटी म्हणाले, "पोहे थंडे होऊन राहिले बावा." दुसरे म्हणाले, "मोठ्या लोकाईचं चालते गा, आपलं नाही चालत." कॉलेजच्या एका पोरानं ताईंसाठी जोरात टाळ्या वाजवल्या, पण "तुझ्या घरी?" म्हटल्याबरोबर तो गाडीची चावी शोधायला लागला.

"तुमचं काय मत?" त्यानं पुन्हा मला विचारलं.

"पहिले तुमचं सांगा."

"वार्ताहराले मत नसते."

"घर तर असते ना?" मी माइक त्याच्याकडे वळवला. "बोला, तुमच्या घरी आली तर?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. "पहिले कोणी यायले तर पाहिजे..."

आजूबाजूचे हसले. मी पोह्यांत लिंबू पिळायला लागले. लिंबात रस उरला नव्हता तरी पिळतच राहिले.

तेवढ्यात गर्दी पाहून आई आली. माझी आई, कुसुमताई. गाडीच्या समोरच आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल. बाबा गेल्यापासून तिनं दुकान आणि मी, दोन्ही एकटीनं सांभाळलं. आता माझं बीकॉम झालंय, तरी काउंटरवर बोलायचा मान तिचाच. तिच्यासमोर माइक आला आणि तिनं पदर खोचला.

"बराबर बोलली प्रमोदिनीताई!" आईचा आवाज चौकाच्या त्या टोकाला गेला असेल. "माह्या पोरीनं कोणताबी पोरगा आणू दे. जात नाही विचारणार मी! पोरगा गुणाचा पाहिजे, बस. आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहीन. अरे, रोज सकाळपासून मी रंग जुळवते, माणसं जुळवायले कायले घाबरू?"

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. पोहेवाल्यानं झारा वर करून दाद दिली. मी तिच्याकडे बघतच राहिले. काय अभिमान वाटला मला तिचा!

संध्याकाळपर्यंत आई नागपूरभर झाली होती. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तीच. बाया दुकानात अस्तराच्या नावाखाली सेल्फी काढायला यायला लागल्या. महिला मंडळानं शाल आणि नारळ दिला. खुद्द प्रमोदिनीताईंनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, तेव्हा तर आईनं दुकानाच्या काचेला नवीन पडदा शिवला.

आणि तो? तो चार दिवसांनी आला. हातात एक साडी होती.

"आईच्या साडीले मॅचिंग पाहिजे," म्हणाला. मग नाव सांगितलं, न विचारता. "मी प्रशिक. प्रशिक गजभिये."

हे नाव आणि आडनाव ऐकलं की नागपुरात पुढे काही विचारावं लागत नाही. छप्पन साली आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेलं, इंदोऱ्यातलं बौद्ध घर. आईलाही कळलंच. तिनं त्याला खुर्ची दिली, थंडगार पन्हं दिलं आणि म्हणाली, "माह्या व्हिडिओवाला पोरगा हाय हा!"

मग तो येतच राहिला. आज अस्तर, परवा फॉल. एवढ्या साड्या असतील तर त्याची आई दिवसातून तीनदा बदलत असणार, असं मी त्याला म्हटलंही.

"हा मोरपंखी आहे का?" एकदा त्यानं विचारलं.

"नाही, हा रामा ग्रीन."

"फरक काय?"

"उजेडात चला, दाखवते."

आम्ही दाराशी उजेडात गेलो. मी दोन्ही कापडं धरली. तो कापडाकडे पाहतच नव्हता.

"दिसला फरक?"

"नाही..." तो हळूच म्हणाला. "काहीच दिसून नाही राहिलं मले."

एप्रिलचं ऊन बाहेर रस्ता भाजत होतं, आणि मला मात्र कूलरसमोर उभं असल्यासारखा गार शहारा आला.

मे महिना लागला तोवर आम्ही रसवंतीत भेटायला लागलो होतो. उसाच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज असा, की शेजारच्या बाकावरच्याला ऐकू जात नाही. अशाच एका दुपारी तो ग्लासवरचा फेस बघत म्हणाला, "करिष्मा... तुह्यासाठी मी एवढं अस्तर घेतलं, घरी आता तंबू होते त्याचा."

"मग?"

"मग काही नाही. तंबूत एकटा कसा राहू, सांग."

"भैताड कुठला," मी म्हटलं. पण माझा हात त्याच्या हाताजवळ बाकावर होता आणि मी तो उचलला नाही. घरी जाताना मी रस्ताभर हसत होते. आमचं सोपं आहे, मला वाटत होतं. माझ्या आईनं साऱ्या शहरासमोर सांगितलंय!

त्याच आठवड्यात सावनेरहून मारोतराव मामा आले. आईचे मोठे भाऊ. येताना स्थळ घेऊन आले. मुलाचं नाव दुर्गेश, आमच्याच समाजातला, घरचा कापसाचा जिनिंग कारखाना. पाहुणे पुढच्या रविवारी येणार, हेही मामांनी ठरवून टाकलेलं. मामा गेले आणि मी धीर करून आईला सगळं सांगितलं. प्रशिकचं नाव घेतलं.

आई घड्या घालत होती. हात थांबला.

"पोरगा चांगला आहे," ती म्हणाली. "पण ते होत नाही वं."

"तू तर म्हणाली होतीस, जात नाही विचारणार!"

"ते टीव्हीवर होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माइक समोर आला का माणूस चांगलंच बोलते. मले भावाईत राहायचं आहे, समाजात राहायचं आहे. ते टाळ्या वाजवणारे येतीन काय उद्या माह्यासोबत?"

मी इतकी चिडले की रडूच आलं. जिचा मला एवढा अभिमान वाटला होता, ती आई हीच का?

दुसऱ्या दिवशी रसवंतीत प्रशिकला सांगितलं. त्यानं हातातला ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ऑफिसात कळलं तं म्हणतीन, तो व्हिडिओ परत लाव. खाली लिही का यांच्याच घरी आता खरंच आली वेळ. काकूले नाही म्हणताच येणार नाही."

"मग लाव ना!"

"नाही."

"काहून?"

"करिष्मा, काकूचा शब्द घेऊन मी काकूलेच बांधू काय? असा घेतलेला होकार मले नाही पाहिजे." तो थांबला. "अन् माह्या आईलेही. मी घरी सांगितलं. आई म्हणते, पोरगी आवडली असंल तर मले आनंद आहे. पण कॅमेऱ्यासमोरचं बोलणं मी धरत नाही. ज्या घरी माह्या पोराले खाली मान घालून जावं लागंल, तिथं तो जाणार नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. एवढा हातात आलेला उपाय आणि हा नाही म्हणतो! पण त्या क्षणी मला कळलं, की आतापर्यंत मला तो आवडत होता. आता माझं त्याच्यावर प्रेम होतं. आणि रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी दुपारी दुकानात एक मुलगी आली. सोबत नवरा, दोघंही मोटरसायकलवरून आलेले, उन्हानं रापलेले. तिनं काउंटरला वळसा घातला आणि सरळ आईच्या पाया पडली.

"अवं, काय करून राहिली!" आई दचकली.

"मी सरिता, काकू. हिंगण्याला कंपनीत आहो आम्ही दोघं. आमचं लग्न जातीबाहेरचं. मामंजीनं घरात नाही घेतलं, खोली करून राहतो." तिला हसूही येत होतं आणि रडूही. "मामंजीनंच तुमचा व्हिडिओ पाहिला. अन् काल सोता आले आमाले घ्यायले! म्हणे, एक बाई चारचौघांत बोलू शकते, तर मी घरातल्या घरात काहून नाही? आज सासरी चालली मी. म्हटलं, ब्लाउज पीस तुमच्या हातचाच न्यावा."

आईनं तिच्यासाठी शेंदरी रंगाचं ठाण काढलं. आईची कात्री कधी वाकडी चालत नाही. त्या दिवशी चालली. तिनं तो तुकडा बाजूला टाकला, दुसरा कापला, सरिताच्या ओटीत घातला आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

ती दोघं गेल्यावर आईनं तो वाकडा तुकडा उचलून त्याची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पोराच्या घरी कोण कोण राहते वं?"

"तो आणि आई. अंजनाबाई. दवाखान्यात सिस्टर आहेत."

आईनं फोन उचलला. "दादा, रविवारच्या पाहुण्याईले नाही म्हणून सांग." पलीकडून मामांचा आवाज मलाही ऐकू येत होता. तिनं तो पूर्ण होऊ दिला आणि म्हणाली, "समाजाले काय सांगायचं ते मी सांगीन. तू येशील तर मले आनंद वाटंल. नाही येशील तरी होईल." तिनं फोन ठेवला. मी तिचे हात धरले.

रविवारी सकाळी आम्ही इंदोऱ्याला गेलो. आधी कळवलं नाही, आईनं मला प्रशिकला सांगूही दिलं नाही. दार त्यानंच उघडलं. बनियनवर होता. आम्हाला पाहून तो जो आत पळाला, तो शर्टाची बटणं वरखाली लावूनच बाहेर आला.

अंजनाबाई ड्यूटीवर जायच्या तयारीत होत्या. ताठ, नीटनेटक्या, नजर सरळ. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "तुमाले टीव्हीवर पाहिलं ताई," त्या म्हणाल्या. "चांगलं बोलता तुम्ही."

"ते सोडा," आई म्हणाली. "त्या दिवशी गर्दी पाहून बोलली मी. अन् घरी पोरीनं विचारलं तं नाही म्हटलं. खोटी पडली मी तिच्यासमोर." तिनं अंजनाबाईंकडे सरळ पाहिलं. "आज इथं कोणी ऐकून नाही राहिलं, म्हणून आली. तुमचा पोरगा माह्या पोरीसाठी मागते, ताई. मान देऊन मागते."

प्रशिक भिंतीला टेकला.

"तुमचे लोक बोलले तर?" अंजनाबाईंनी विचारलं.

"बोलतीन. मी काय मुकी आहे?"

अंजनाबाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की आईही हसली, आणि दोघींनी एकदमच डोळे पुसले. मग अंजनाबाई माझ्याकडे वळल्या. "एवढं सारं झालं, पण या पोरीले कोणी विचारलं काय? तुह्यं काय वं? तूच सांग."

खरंच की! प्रमोदिनीताई बोलल्या होत्या, चौक बोलला होता, मामा बोलले होते. मी उभी राहिले. लाजायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"मले प्रशिक पाहिजे," मी म्हटलं. "आज, उद्या, जलमभर."

अंजनाबाईंनी दवाखान्यात फोन करून रजा टाकली आणि आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. आत कढईत तेल तापायला लागलं. आणि प्रशिकनं, वरखाली बटणांच्या त्या शर्टातच, उघड्या दारात माझा हात हातात घेतला. समोरून शेजारी जात होते. कुणी थांबून पाहिलं, कुणी हसलं.

मी हात सोडवून घेतला नाही.