माडावरचा आवाज

पटलं तर घ्या. पण हे घडलंय. माझ्या साडूबरोबर, कौतूबरोबर. हा माणूस पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा कधी वाढवून सांगत नाही, तो भुतं कुठून आणणार?

ते बेट आमच्या गावापासून बोटीने चार दिवसांवर. वाळूच्या सात तुकड्यांचं कडं, मधे उथळ पाणी, बाहेर प्रवाळाचा कठडा. बोटीला आत वाट नाही, ती बाहेर थांबते आणि होडीने उतरायचं.

माणूस नाही.

पूर्वी माणसं होती. चाळीस जणांना तिथे वसवलं होतं. मग तीन वर्षं पाऊस पडला नाही, विहिरी खारट झाल्या, आणि एका दुपारी बोटीने सगळ्यांना उचलून नेलं. कौतूचा मामा, बाउरो, तेव्हा आठ वर्षांचा होता.

साठी उलटल्यावर तोच मामा भाच्याला घेऊन तिथे उतरला. सहा आठवडे खोबरं सुकवायचं, असं सांगून.

पहिल्याच संध्याकाळी मामा माडी काढायला वर चढला आणि गायला लागला. आमच्याकडे माडावर गेलेला माणूस गातोच. खालच्यांना कळायला हवं ना, डोक्यावर कुणी आहे ते.

मामाने एक ओळ म्हटली...

पलीकडच्या तुकड्यावरून पुढची ओळ आली.

कौतूला वाटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी पुढची ओळ कशी म्हणेल?

मामा खाली उतरला. चेहरा फुलला होता.

"दादा आहे," तो म्हणाला. "आमचा तेइतू."

मग त्याने सगळं सांगितलं. बोट आली त्याच आठवड्यात तेइतूची बायको वारली होती. त्या दुःखात तो निघायच्या दुपारी न गाताच माडावर चढला, म्हणून तो वर आहे हे कुणाला कळलंच नाही. लाटा वाढत होत्या, सगळी घाई. या होडीतल्यांना वाटलं, तो त्या होडीत असेल. वर्षाने बोट परत गेली, तेव्हा बेटावर कुणी नव्हतं.

"त्याला न्यायला आलोय मी," मामा म्हणाला. "निदान हाडं तरी."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोघे पलीकडे गेले. हाडं नव्हती. एका माडाच्या फुलोऱ्याची पोय मात्र ताजी छाटलेली होती, आणि करवंटीत रस ठिबकत होता...

वाळूत पावलं होती. माडाकडे जाणारी. परतीची नव्हती.

मामा बुंध्याला हात लावून म्हणाला, "दादा, उतर की रे. किती वर्षं रुसून बसशील?"

वर नुसता वारा.

गाणं मात्र रोज संध्याकाळी यायचं. मामा रोज जाऊन विनवायचा, चिडवायचा, रडायचा. मामा दिवसेंदिवस खुशीत दिसू लागला, त्याचीच कौतूला जास्त भीती वाटायची.

बोट आली त्या दुपारी मामा झोपडीत नव्हता. कौतू हाका मारत माडामाडाखाली थांबला, कान देऊन ऐकलं.

एकाही माडावर गाणं नाही.

लाटा चढत होत्या. खलाशांनी त्याला ओढून होडीत घातलं. होडी कठड्याबाहेर पडली आणि...

गाणं सुरू झालं. दोन आवाजांत.

खलाशांनीही ऐकलं. सकाळी समुद्र शांत झाल्यावर सगळ्यांनी बेट पालथं घातलं. बाउरो सापडला नाही.

घरी मामीने एवढंच विचारलं, "हे तिथे एकटे होते का रे?"

"नाही, मामी."

"मग बरं," ती म्हणाली.

कौतू मला अजून विचारतो, खरं सांगून चुकलं का आपलं? कारण हल्ली मामी रोज धक्क्यावर जाऊन चौकशी करते, त्या बेटाकडे पुढची बोट कधी जाणार म्हणून.