पुलावरची सात मिनिटं

"तुमच्या बाई फारच कडक दिसतात," तो म्हणाला.

पुलावर चढवणाऱ्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दोन माणसं, दोन सायकली आणि मध्ये जेमतेम वीतभर जागा. फेब्रुवारीची सकाळ होती. बाहेर कोशावा सुटला होता. हा वारा एकदा सुटला की तीन दिवस तरी बेलग्रेडमध्ये कुणाचं ऐकत नाही. आत शिरताना माझ्या इअरफोनची वायर त्याच्या हँडलला अडकून निघाली, आणि खिशातला फोन सगळ्या लिफ्टला ऐकवायला लागला : 'वारसा नाकारल्याचं निवेदन एकदा दिलं की मागे घेता येत नाही. पुन्हा म्हण. वारसा नाकारल्याचं...'

"त्या बाई म्हणजे मीच," मी फोन चाचपडत म्हणाले.

"अरे देवा."

"परीक्षा आहे. कलमं रेकॉर्ड करते आणि सायकलवर ऐकते."

"स्वतःच स्वतःला रागावत?"

"दुसऱ्या कुणाला वेळ नाही."

तो हसला. डोळे तांबारलेले, दाढी दोन दिवसांची, आणि जाकिटाखालून हॉस्पिटलचा निळा सदरा डोकावत होता. त्याच्या हँडलवर रबरानं एक कार्ड बांधलेलं होतं. त्यावर जर्मन शब्द होते, बारीक अक्षरात, एकाखाली एक.

"तुमचीही?" मी विचारलं.

"माझीही," तो म्हणाला, आणि लिफ्टचं दार उघडलं.

त्याचं नाव तादिया. तो शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होता. रात्रपाळी संपवून तो साव्हा नदीपलीकडे, नव्या बेलग्रेडमधल्या घरी झोपायला जायचा, आणि मी त्याच पुलावरून त्याच वेळी कामावर जायची. पूल ओलांडायला सात मिनिटं लागत. वारा समोरून असला तर नऊ.

माझ्या दिवसाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी, कोसारा, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आठ ते चार वेसेलिनोविच बाईंच्या नोटरी कार्यालयात काम. लोक घरं विकत, आजोबा मृत्युपत्र करत, आणि सही करण्यापूर्वी तो सगळा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणं माझ्याकडे असे. पाच ते दहा अभ्यास. न्यायालयात उभं राहायचं तर ती परीक्षा द्यावीच लागते, आणि मागच्या वर्षी मी तोंडी परीक्षेत नापास झाले होते. उझित्सेला घरी फोन करून सांगितलं तेव्हा बाबा फक्त "बरं" म्हणाले होते. त्या एका शब्दानं मला वर्षभर झोपू दिलं नाही.

वेळापत्रकाच्या वहीत प्रत्येक तासाला एक रंग होता; गुरुवारी सात ते आठ तेवढे मी नेदासाठी ठेवले होते. नेदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. जूनमध्ये तिचं लग्न होतं आणि मी तिची कूमा होणार होते. कूमा म्हणजे लग्नाची साक्षीदार, आणि त्या दिवसापासून रक्ताच्या नात्याहून जवळची. "तुझ्या वहीत माझा रंग कुठला गं?" ती विचारायची. "पिवळा? म्हणजे मी फौजदारी कायद्याच्या आधी की नंतर?" मी हसायची. ती हसायची नाही, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

तर उरली ती पुलावरची सात मिनिटं. त्यांना वहीत रंग नव्हता.

आठवड्यातून तीनदा तादिया लिफ्टपाशी उभा असायचा. मी त्याला जर्मन विचारायची, तो मला कायदा. दोघांनाही दुसऱ्याच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त कार्डावरचं उत्तर बरोबर की चूक एवढंच.

"मुलगी," मी म्हणायची.

"दास. नपुंसकलिंग."

"मुलगी नपुंसकलिंगी?"

"मी नाही ठरवलं! आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी."

"मग जर्मनीला जाऊन सलगमाशी लग्न करा."

एका सकाळी त्यानं कागदात गुंडाळलेला गरम बुरेक, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, आणला, अर्धा तोडून माझ्यापुढे धरला. तुपकट बोटं, ओठाला चिकटलेला पापुद्रा... मी उगाच नदीकडे पाहिलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आता मी 'तू' म्हणू का? तोंडात बुरेक असताना 'तुम्ही' नीट म्हणता येत नाही."

"आधी गिळ," मी म्हणाले.

एवढंच. पण त्या दिवशी ऑफिसात मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवताना दोनदा ओळ चुकले, आणि वेसेलिनोविच बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

तो जर्मनीला का जाणार हे मी एकदाच विचारलं. त्याच्या वॉर्डात अडतीस पेशंट होते आणि रात्री दोन नर्स. "मला पळून जायचं नाही गं," तो म्हणाला. "एखाद्या घाबरलेल्या माणसाजवळ पाच मिनिटं बसता यावं, एवढंच हवंय. इथे मी बसलो की दुसरीकडे घंटी वाजते. काल एक आजी म्हणाल्या, पोरा, जरा हात धर. मी म्हणालो, आलोच. आणि मी गेलोच नाही. सकाळी त्यांचा पलंग रिकामा होता."

तो सायकल हातात धरून चालत होता. मीही उतरले. त्या दिवशी आम्हाला पूल ओलांडायला वीस मिनिटं लागली, आणि मी पहिल्यांदाच कामावर उशिरा पोचले.

मग मार्चमधली ती सकाळ. वारा पडला होता. पुलाच्या टोकाशी, जिथे तो डावीकडे वळायचा आणि मी सरळ जायची, तिथे तो थांबला.

"कोसारा, समजा... मला न जाण्याचं एखादं कारण सापडलं तर?"

मला समजलं. शपथेवर सांगते, लगेच समजलं. म्हणूनच मी घाबरले. आणि घाबरले की मी जे करते तेच केलं, घड्याळात पाहिलं.

"आठला पाच कमी आहेत," मी म्हणाले. "संध्याकाळी बोलू?"

"संध्याकाळी," तो म्हणाला.

संध्याकाळी माझा दिवाणी प्रक्रियेचा धडा होता. मी फोन केला नाही. त्यानंही केला नाही. दोन दिवसांनी तो लिफ्टपाशी होताच, तसाच हसरा, पण तो प्रश्न त्यानं परत विचारला नाही. एप्रिलमध्ये तो जर्मनची परीक्षा पास झाला. शब्द मीच पाठ करून घेतले होते. त्यानं निकाल दाखवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या... पुलावर, एका हातात हँडल धरून, जशा वाजतील तशा.

मे महिन्यात नेदाचा वधूवेश शिवून झाला. तो घालून बघायच्या दिवशी कूमानं जायचंच असतं. मी वाचत बसले आणि विसरले. ना फोन, ना निरोप, चक्क विसरले. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या दाराशी उभी होती.

"आई नाही मला," नेदा म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लागलं. "त्या आरशासमोर मी एकटी होते. शिवणाऱ्या बाईनं विचारलं, कुणी येणारे का? मी म्हटलं, येईल. दीड तास म्हणत होते, येईल."

"नेदा, परीक्षा..."

"तुझी परीक्षा झाली की मग तू माणसांत येणार. माहितीये मला. पण कोसारा, माणसं काय फळीवरचे मुरंब्याचे डबे आहेत, झाकण लावून ठेवायला?"

मी तिथेच पायरीवर बसून रडले. ती गेली नाही. थोड्या वेळानं शेजारी बसली, नाक पुसायला रुमाल दिला आणि म्हणाली, "लग्नात तरी वेळेवर ये, गाढवे."

लग्नाला मी सर्वांच्या आधी पोचले. तादियाला बरोबर नेलं होतं. बँड वाजायला लागला, सगळे हातात हात धरून कोलो नाचायला लागले, आणि त्या साखळीत त्याचा हात माझ्या हातात आला. कोरडा, खरखरीत, दिवसातून चाळीस वेळा धुतला जाणारा हात. नाचताना कुणी हात सोडत नाही. गाणं संपल्यावर सोडतात. आम्ही सोडला नाही.

"कागद आलेत," तो माझ्या कानाशी म्हणाला. "कासेलच्या हॉस्पिटलचे. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी बस आहे."

"छान," मी म्हणाले. आणि हात सोडला.

तो उन्हाळा मी कसा काढला ते मला विचारू नका. अभ्यास केला. इतका केला की कलमं झोपेत यायची. तादिया दिवसपाळीवर गेला होता, त्यामुळे सकाळची भेट संपली. रविवारी तो नदीकाठी यायचा, आम्ही अदा बेटालगतच्या तळ्याभोवती सायकल चालवायचो. तो कायद्याचे प्रश्न विचारायचा, मी उत्तरं द्यायची. चुकले की तो म्हणायचा, "बाई रागावतील." बाकी कशाबद्दलच आम्ही बोललो नाही.

सप्टेंबरच्या त्या आठवड्यात, गुरुवारी, माझी तोंडी परीक्षा झाली. पाच परीक्षकांनी आळीपाळीनं विचारलं आणि मी उत्तरं दिली. मागच्या वेळी जिथे अडखळले होते तिथे माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. पास. बाबांना फोन केला. त्यांनी फोन आईच्या हातात दिला, आणि ती म्हणाली, "अगं, रडतायत ते."

त्या दुपारी नेदानं मला दोर्चोलमधल्या आमच्या नेहमीच्या खानावळीत नेलं. टेबलावर राकियाची, आमच्या फळांच्या दारूची, बाटली आली, गरम पाव आला. मी पावाचे नुसते तुकडे करत बसले.

"काय गं?" नेदा म्हणाली. "जिंकलीस ना?"

"परीक्षेनंतर, परीक्षेनंतर म्हणत मी सगळं बाजूला ठेवलं होतं. आता ते सगळं करायला बसले, तर त्यातलं एक रविवारी चाललंय."

"मग सांग त्याला."

"काय सांगू? जाऊ नकोस म्हणू? कुठल्या तोंडानं? तो कशासाठी चाललाय ते मला ठाऊक आहे."

"जाऊ नकोस कोण म्हणतंय? तुझ्या मनात काय आहे ते सांग. जायचं की नाही ते त्याचं तो बघेल. एवढी मोठी वकील झालीस आणि एवढं कळत नाही? साक्ष साक्षीदारानं द्यायची. निकाल दुसऱ्यानं."

शुक्रवारी तो शेवटच्या पाळीवर होता. शनिवारी त्याचे भाऊबंद, शेजारी, वॉर्डातले सोबती, सगळं घर भरलेलं. मी गेले, केक कापला, भांडी विसळली आणि परत आले. धीर झालाच नाही.

रविवारी सकाळी अकराची बस. स्थानकावर जिकडेतिकडे बोचकी, मुलांना कवटाळणाऱ्या आज्या, आणि चालक ओरडत होता, "कासेल, हॅनोवर, चला!" तादियाची एकच बॅग होती. ती बसच्या पोटात ढकलून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"पास झालीस," तो म्हणाला. "मला आधीच माहीत होतं."

"तादिया, मला काहीतरी सांगायचंय. थांबवायचं म्हणून नाही. तू जा. पण ठाऊक असू दे... माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या बुरेकच्या सकाळपासून. कदाचित त्याच्याही आधीपासून."

त्याचे डोळे पुन्हा तसेच तांबारले, रात्रपाळीशिवाय.

"हे तू मार्चमध्ये सांगितलं असतंस तर..."

"मार्चमध्ये मला वेळ नव्हता."

तो हसायला लागला आणि मग त्याला हसू पुरं करता आलं नाही. त्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळाला कपाळ टेकवलं. चालक आमच्याकडे बघून म्हणाला, "पोरांनो, मला हंगेरीच्या सीमेवर रांग लागणारे." आणि तरीही त्यानं आणखी दोन मिनिटं इंजिन सुरू केलं नाही. देव त्याचं भलं करो.

"मी करार मोडणार नाही," तादिया हळूच म्हणाला. "दोन वर्षांचा आहे. तिथेही पेशंट वाट बघतायत."

"मोडू नकोस."

"पण मी तुझा आहे. फेब्रुवारीपासून. लिफ्टमधूनच. हेही ठाऊक असू दे."

बस गेली. मी सायकल हातात धरून घरी चालत आले. चालवली असती तर पडले असते.

ऑक्टोबर असा गेला, नोव्हेंबर तसा. तो फोनवर सांगायचा की तिथे एका आजोबांजवळ तो पूर्ण दहा मिनिटं बसला आणि कुणीच हाक मारली नाही. मी ऐकायची. फोन ठेवल्यावर खोली फार मोठी वाटायची. कूमा म्हणून नेदाकडे रविवारचं जेवण व्हायचं. तिथे तिघांसाठी मांडलेल्या टेबलावर मी चौथ्या खुर्चीकडे बघायची, आणि ती माझ्या वाडग्यात सूप वाढायची.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी मी वेसेलिनोविच बाईंकडे दहा दिवसांच्या रजेचा अर्ज मागितला. परीक्षेचे दिवस सोडले तर चार वर्षांत पहिल्यांदा. त्यात एक रकाना होता, रजेचं कारण. मी लिहिलं, 'वैयक्तिक'. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'तादिया'.

बाईंनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचला.

"हे काय कारण झालं?"

"खरं आहे, बाई."

त्यांनी पेन उचललं. सही करण्याआधी जरा थांबल्या.

"आणि दहाच दिवस?" त्या म्हणाल्या, आणि दहातल्या एकावर काट मारून दोन केला.