कार्ड आत राहिलंय

हे खरं घडलंय. तुम्हाला खोटं वाटलं तरी माझी काही तक्रार नाही. कॅरिन पहिल्यांदा सांगत होती तेव्हा मीही नुसती मान हलवत होते. पण शेवटचा भाग माझ्या डोळ्यांदेखत झालाय. त्याला मी काय करू?

आणि कॅरिन थापा मारणाऱ्यातली नाही. थापा मारायलाही अंगात थोडा जोर लागतो. तिच्यात तो उरलाच नव्हता.

जागा म्हणजे हॅल्वरसन कोर्ट. उत्तर मिनेसोटातल्या एका विद्यापीठाची, पीएचडी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी बांधलेली तीन मजली इमारत. दिवस नाताळाच्या सुट्टीचे. ज्यांना घरी जाता येतं ते सगळे गेलेले. जे राहिले होते त्यांना जायला जागा नव्हती, नाहीतर त्राण नव्हतं.

कॅरिन ऑस्टबीला दोन्ही नव्हतं.

तळमजल्यावरच्या घरात ती आणि तिची सहा वर्षांची मुलगी इंगा, दोघीच राहायच्या. दिवसभर ती तळ्यातल्या गाळाचे नमुने तपासायची, संध्याकाळी प्रबंध लिहायची. उरलेल्या वेळात इमारतीची ड्यूटी. कुणाचं सिंक तुंबलं, कुणाचा हीटर बंद पडला, कुणी कुणाचे ओले कपडे मशीनमधून काढून जमिनीवर टाकले… फोन कॅरिनला. ड्यूटीच्या बदल्यात ते घर तिला फुकट होतं. ड्यूटी गेली की घर गेलं. घर गेलं की इंगाची शाळा गेली, आणि प्रबंध तर गेलाच. हे ती स्वतःच सांगायची, अगदी थंडपणे.

सगळ्यात जास्त फोन यायचे ते बाहेर अडकलेल्यांचे. आमची दारं ओढली की आपोआप लॉक होतात. माणूस कचरा टाकायला बाहेर पडतो, मागे दार लागतं, किल्ली आत. मग ड्यूटीवाली मास्टर किल्ली घेऊन जाते.

त्याचा एक नियम आहे. दार उघडण्याआधी ठोठवायचं. "हाउसिंग!" असं मोठ्यानं म्हणायचं. थांबायचं. घरवाला शेजारी उभा असला तरीसुद्धा. मग दार उघडायचं. त्यानं आत जाऊन आपलं ओळखपत्र आणून दाखवायचं, कारण ते बिचारं आतच राहिलेलं असतं. तोवर ड्यूटीवालीनं उंबऱ्याबाहेर थांबायचं. आत पाऊल टाकायचं नाही आणि कार्ड बघितल्याशिवाय हलायचंही नाही. कार्ड बघितलं की म्हणायचं, "ठीक आहे." संपलं.

आम्ही या नियमाची खूप टर उडवायचो. पण ऑफिसातली पॅट पेल्टियर दर मीटिंगला तेच घोकायची.

"चेहरा ओळखीचा असो नाहीतर तुमचा सख्खा भाऊ असो. कार्ड बघायचं. न बघता आत घेतलंत, तर दुसऱ्या दिवशी ड्यूटी काढून घेईन. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

त्या गुरुवारी दुपारपासून बर्फ पडत होता. आमच्याकडे डिसेंबरात चार वाजले की अंधार. इंगाला ताप होता. कॅरिननं जेवणासाठी ओव्हनमध्ये बटाट्याचा हॉटडिश भाजायला ठेवला होता, आणि तेवढ्यात ड्यूटीचा फोन वाजला.

"माझं दार लागलं. मी बाहेर राहिलो."

पुरुषाचा आवाज. दमलेला.

"कुठलं घर?"

"तिसरा मजला. टोकाचं."

कॅरिन इंगाला म्हणाली, "पडून राहा, मी आलेच." आणि जिना चढली.

तिसऱ्या मजल्याचा दिवा लुकलुकत होता. टोकाला एक माणूस उभा होता. जुना स्वेटर, पायात नुसते मोजे. केस ओले. मोजेही ओले, पायाखाली पाण्याचं छोटंसं थारोळं. आंघोळ करून बाहेर डोकावला असेल, असं तिला वाटलं. चेहरा तिला नीट आठवत नाही. दमलेला होता, एवढंच सांगते. आमच्या इमारतीत ज्याचा चेहरा दमलेला नाही त्याच्यावरच संशय घ्यावा.

तिनं दार ठोठवलं.

"कशाला ठोठवताय?" तो म्हणाला. "आत कुणी नाहीये."

"नियम आहे. हाउसिंग!"

काहीच आवाज नाही. तिनं किल्ली फिरवली. आत अंधार होता. तो तिच्या बाजूनं आत गेला, आणि तिच्या अंगावरून थंडगार हवा गेली. खिडकी उघडी राहिली असेल, तिनं मनात म्हटलं.

"कार्ड दाखवा."

"हो हो. एक मिनिट… शोधतो."

खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग तिसरा. घाई नव्हती. आपल्याला वेळच वेळ आहे अशा थाटात कुणीतरी एकेक खण ओढत होतं, आत हात फिरवत होतं, लावत होतं.

कॅरिन उंबऱ्यावर उभी. डोळे मिटत होते.

"सापडलं का हो?"

"एक मिनिट…"

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. इंगा. "ममा, मला उलटी झाली. पांघरुणावर."

कॅरिन मला म्हणाली होती, "त्या क्षणी मला ना रडू आलं. भीतीनं नाही. नुसत्या थकव्यानं. मला वाटलं, सगळं जग एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला."

तिनं आत ओरडून सांगितलं, "राहू दे. उद्या दाखवा. माझी मुलगी आजारी आहे."

खणांचा आवाज थांबला.

"नक्की?" तो आतून म्हणाला. आवाज आता दाराच्या अगदी जवळून आला. "मग मी राहू ना?"

"राहा, राहा."

आणि ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्तीवाला वेंडेल भेटला. रंगाचे डबे घेऊन वर निघाला होता.

"कुठे एवढं ओझं घेऊन?"

"तिसऱ्या मजल्याचं टोकाचं घर. मोकळं झालंय ना. रंग मारायचाय."

"मोकळं कसं? काल मी तिथल्या माणसाला दार उघडून दिलं."

वेंडेल हसला. "अगं बाई, जरा झोप घेत जा. ते घर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून रिकामं आहे. सामानसुद्धा हलवलंय मी. आत साधी खुर्ची नाही."



"खण?" तिनं विचारलं. "खणाचं कपाट तरी असेल?"

"कसला खण नि कसलं काय. चल, दाखवतो."

दोघं वर गेली. वेंडेलनं ठोठवलं, थांबला, दार उघडलं. चार भिंती, बंद खिडक्या, आणि जमिनीवर रंगाचे डाग पडू नयेत म्हणून पसरलेलं प्लास्टिक.

त्या प्लास्टिकवर… ओले ठसे होते. मोज्यांचे.

दारातून आत गेलेले. जिथं एरवी खणांचं कपाट असतं त्या भिंतीपर्यंत. तिथून परत दारापर्यंत, थेट उंबऱ्याला लागून.

बाहेर जाणारा एकही नव्हता.

"पाइप गळतोय वाटतं," वेंडेल म्हणाला आणि फडक्यानं पुसायला लागला.

कॅरिन तरी बोलणार काय? कार्ड न बघता आत घेतलं, हे आधी कबूल करावं लागलं असतं. त्याच संध्याकाळी पॅटनं फोनवर विचारलं, "काय गं, सगळं सुरळीत? कार्डं बघतेस ना सगळ्यांची?"

"बघते," कॅरिन म्हणाली.

मग तिला वाटायला लागलं की आपल्याला भास झाला. झोप नसली की होतात. तापलेली पोर, तो बर्फ, तो लुकलुकणारा दिवा. पण मला हे सगळं सांगताना ती मध्येच थांबून म्हणाली, "एक विचारू? त्याच्या हातात काहीच नव्हतं. फोन नव्हता. मग मला फोन केला कुणी?"



जानेवारीत लोक परतले, आणि तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तिसऱ्या मजल्यावरच्या अजोआची. तिचं घर टोकाच्या घराला लागूनच. "कॅरिन, आमच्या शेजारी कोण आलंय गं? संध्याकाळ झाली की कपाट उपसत बसतंय. माझा नवरा म्हणतो, एवढं काय हरवलंय बाबा, सांग, आम्हीही शोधायला येतो."

शेजारी कुणी आलं नव्हतं. घर अजून रिकामंच होतं.

काही दिवसांनी अजोआकडचा आवाज बंद झाला.

आणि दुसऱ्या मजल्यावर सुरू झाला.

तिथले लोक वरच्यांना शिव्या देत होते, वरचे खालच्यांना. कॅरिन जाऊन ठोठवायची. ठोठवलं की आवाज बंद. पाठ फिरवली की… खण ओढल्याचा आवाज. हळू. शांतपणे. एका घरातून दुसऱ्या घरात तो सरकत होता. आणि प्रत्येक वेळी थोडा खाली.

मग एक दिवस दुसरा मजलाही शांत झाला. सगळ्यांना बरं वाटलं. कॅरिनला सोडून.

त्या रविवारी सकाळी इंगा ओट्स खाता खाता म्हणाली, "ममा, तू माझ्या खणात काय शोधत होतीस?"

"मी? कधी?"

"मी झोपले होते तेव्हा. तुझा हात गार होता."

कॅरिननं इंगाचे खण उघडले. कपडे नीट घडी केलेले. फक्त तळाचे… ओलसर. त्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की आपलं ओळखपत्र पाकिटात नाही. सगळं घर पालथं घातलं. मिळालं नाही.

तेव्हा ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदा तिनं सगळं सांगितलं. मीही त्याच इमारतीतली ड्यूटीवाली, आम्ही पाळीपाळीनं करायचो. मी चहा केला आणि म्हटलं, "पॅटला सांगून टाक."

"आणि मग राहू कुठे? प्रबंधाची दोन प्रकरणं राहिलीत. एवढी दोन होऊ देत. मग काय व्हायचं ते होवो."

"त्या टोकाच्या घरात कुणी गेलंबिलं होतं का कधी?"

"विचारलं मी वेंडेलला, जुन्या लोकांनाही. काही झालेलं नाही तिथं. कुणी मेलं नाही, कुणी हरवलं नाही. तेच तर." ती हसली, पण ते काही हसू नव्हतं. "कोण आहे तेच कुणाला माहीत नाही. मी कार्डच बघितलं नाही ना."

आता तो शेवटचा भाग.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, जेवायच्या आधीची. त्या दिवशी ड्यूटी माझी. अजोआच्या फोनवरून कॅरिनचा फोन आला. कचरा टाकायला गेली आणि दार लागलं.

"अगं, इंगा आहे ना आत? तिला सांग उघडायला."

"आहे." तिचा आवाज कापत होता. "उघडत नाहीये. तू ये. लवकर ये."

मी मास्टर किल्ली घेऊन धावत गेले. कॅरिन दाराला हात टेकून उभी होती, पायात घरातल्या सपाता. मी किल्ली बाहेर काढली. पण आधी हात वर गेला आणि मी ठोठवलं. मुद्दाम नाही. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काही नाही.

"हाउसिंग!"

आतून आवाज आला.

"एक मिनिट… कार्ड शोधतोय."

पुरुषाचा आवाज. दमलेला. मी कॅरिनकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

खण उघडला. बंद झाला. दुसरा उघडला.

"हं. सापडलं."

आणि दाराखालच्या फटीतून एक कार्ड हळूच सरकत बाहेर आलं. ओलं. मी वाकून उचललं. त्यावर कॅरिनचा फोटो होता.

आता मी जे केलं ते मला अजून कळलेलं नाही. मी दिवसभराची दमलेली होते, डोकं बधिर झालं होतं. हातात कार्ड आलं, डोळ्यांनी बघितलं, आणि तोंडातून सवयीनं शब्द गेले…

"ठीक आहे."

आत कुणीतरी सुस्कारा सोडला. खूप दिवसांनी टेकायला मिळाल्यावर माणूस सोडतो तसा.

कॅरिननं माझ्या हातातली किल्ली हिसकावली आणि दार ढकललं. इंगा टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. एकटी. घरातले सगळे खण उघडे होते, स्वयंपाकघरातले सुद्धा. जमीन कोरडी होती.

"दार का नाही उघडलंस?" कॅरिननं तिला घट्ट धरत विचारलं.

"तो म्हणाला, आधी कार्ड दाखवायचं असतं. नियम आहे."

"कोण तो?"

इंगानं आईकडे असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला.

"तूच ना म्हणालीस त्याला, राहा, राहा."

कॅरिननं ते घर त्याच संध्याकाळी सोडलं. इंगाचा कोट, औषधं आणि लॅपटॉप, बस. बहिणीकडे डुलुथला गेली. जे घर टिकवायला तिनं दीड-दोन महिने तोंड शिवून ठेवलं होतं, त्यात ती एकदासुद्धा परत आली नाही. सामान मी आणि वेंडेलनं बांधून पाठवलं. प्रबंधाची दोन प्रकरणं अजून तशीच आहेत. मध्ये फोनवर बोललो तेव्हा म्हणाली, "मी अजून स्वतःच्याच दाराला ठोठवून थांबते. बहीण हसते मला. हसू दे."

तळमजल्याचं ते घर पॅटनं अजून कुणाला दिलेलं नाही. घ्यायला कुणी येत नाही असं नाही. येतात, बघतात. मग विचारतात, "इथे कुणी राहतं का अजून?"

मी मात्र तिथंच आहे. माझीही दोन वर्षं राहिलीत, मी कुठे जाणार? ड्यूटी करते, ठोठवते, थांबते, कार्ड बघते. "ठीक आहे" एवढं मात्र म्हणत नाही. नुसती मान हलवते.

गेल्या आठवड्यापासून माझ्या घरात संध्याकाळी आवाज येतोय. वरच्या खणापासून सुरू होतो. मी दिवा लावून बसून राहते. उठून बघायचं त्राण नसतं, आणि खरं सांगू, बघायचंही नसतं.

काल दुपारी ग्रंथालयात कार्ड काढायला पाकीट उघडलं, तर जागा रिकामी होती.

घरातच असेल कुठेतरी. मला आधी सापडलं तर बरं.