बिलियर्डच्या टेबलाचं कापड

"अहो बाई, हे लोकरीचं नाही!"

उट्रेख्टच्या शनिवारच्या कापडबाजारात मागून कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी अडीच मीटर हिरवं कापड छातीशी धरून नाचायच्याच बेतात होते. आमचा गट दोनशे वर्षांपूर्वीची पलटण उभी करतो — गणवेश हाताने शिवायचे, मैदानात तळ ठोकायचा, बंदुकांचे बार उडवायचे. यंदा ढोल मला मिळणार होता! अट एकच, गणवेशाचं कापड अस्सल लोकरीचं हवं. तसलं कापड मीटरला ऐंशी युरो... आणि माझ्या पाकिटात एकूण साठ. हा अख्खा तुकडा मात्र चाळीसला मिळत होता!

"तुम्हाला काय करायचंय? मला जुन्या पलटणीचा गणवेश शिवायचाय!" मी फणकारले.

त्याने एक धागा उपसून लायटर धरला. धाग्याची राख झालीच नाही. वितळून काळा मणी झाला.

"प्लास्टिक. बंदुकीच्या दारूची ठिणगी पडली, तर अंगाला चिकटेल."

माझं तोंड एवढंसं झालं. पुढच्या शनिवारी गणवेशांची तपासणी. नापास झाले, की ढोल दुसऱ्याकडे आणि मी तळावर सुपाच्या पातेल्यापाशी!

"रडू नका हं..." तोच घाबरला. "मी योरिट. कोपऱ्यावर माझं कॅफे आहे. तिथल्या बिलियर्डच्या टेबलाचं कापड शंभर टक्के लोकर. आज बदलणारच होतो."

"सगळ्या मुलींना टेबलाचं कापड वाटता?"

"छे! फक्त रागावलेल्यांना."

मेलं हसू... दाबता दाबेना.

टेबलाभोवती गुडघ्यांवर बसून आम्ही पिना उपसल्या. बोटांना बोटं लागत होती — दर वेळी चुकूनच, असं नाही. खडूचे निळे डाग होते, पण उलटी बाजू कशी लख्ख हिरवी! कापड सुटेपर्यंत आमचं अहो-जाहो कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"विट्स्के, तपासणीला येऊ मी?"

"ये ना. नापास झाले तर सूप तरी वाढीन."

आठवडाभर शिवत बसले. शनिवारी आमच्या तपासनीस हेन्द्रिकेबाईंनी बाही चोळली, शिवण ताणली, कॉलर उलटी केली.

"कुठलं गं हे?"

"टेबलाचं... बिलियर्डच्या."

बाई खो खो हसल्या. "उचल ढोल!"

मी ढोल अडकवून धावतच सुटले. "योरिट, पास! पास झाले रे!"

त्याचे कान लालेलाल. "एक सांगू? रागावू नकोस... ते कापड बदलायचं नव्हतंच. दोनच महिन्यांपूर्वी बसवलेलं. आता टेबल उघडं पडलंय, आणि म्हातारी गिऱ्हाइकं माझ्याशी बोलत नाहीत."

"मग दिलंस कशाला, वेड्या?"

"तुला थांबवून ठेवायला दुसरं काही सुचलंच नाही. आवडलीस गं तू मला... फार."

ढोल मध्ये येत होता. मी तो बाजूला ढकलला आणि त्याला जवळ ओढलं.

त्या दिवशी सबंध पलटण एक पाय उचलून तिष्ठत उभी राहिली, कारण पहिला ठोका माझा होता.