सावलीची राहुटी

दिवस कलला होता. देवगडच्या पुळणीवर तरुण खलाशी निजाम वासे रोवत होता. आपल्या आजोबांच्या होडीचं जुनं शीड ताणून त्याने राहुटी उभारली. दशावताराची तालीम होती, गाव आधीच जमला होता.

बाबली मात्र वाळूवर ओढलेल्या मचव्याला टेकून लांबच बसला होता. जन्मभर तो नारद झाला आणि महादू राक्षस. दोघांची जुगलबंदी ऐकायला माणसं डोंगर उतरून यायची. गेल्या पावसात महादू वारला, तेव्हापासून बाबलीने एक पद म्हटलं नव्हतं. तो उभा राहिला नाही, तर दशावताराचा मेळा खेळच बंद करणार होता.

मालवणात नाटक शिकवणारी पुतणी भक्ती शेजारी येऊन बसली.

"काका, रंगमंचाक लॅटिनात 'स्केना' म्हणतत. शब्द ग्रीकांकडून इलो. मूळ अर्थ राहुटी, खोप. नट आत जाऊन सोंग बदलीत नि भायर येत. मगे पुढच्या जागेकच ता नाव पडला. काय जण त्याचा नाता सावलेशी लावतत."

"म्हंजे एक आत जाता नि दुसरोच भायर येता," बाबली पुटपुटला. "पण माझो महादू खंय येतलो गो?"

सूर्य शिडामागे आला. कापड तांबूस उजळलं. आणि त्यावर एक सावली उभी राहिली... रुंद खांदे, कमरेवर हात.

लोक हसले. "निजाम, बरो राक्षस झालंस!"

पण निजाम लोकांतच उभा होता. हसू हळूहळू विरलं. लाटेचा आवाजसुद्धा दबल्यासारखा झाला. महादूच्या तेलाचा, विडीचा ओळखीचा वास आला.

"बाबल्या... उशीर केलंस रे..." शिडामागून आवाज आला.

बाबली उठला. तो राहुटीकडे चालू लागला. कोणी अडवायच्या आत तो शीड बाजूला सारून आत शिरला.

 मग आतून नारदाचं पद उठलं, खणखणीत! लगेच राक्षसाची गर्जना, त्यावर बाबलीचा टोमणा, त्यावर पुन्हा गर्जना. शिडावर दोन सावल्या नाचत होत्या. मृदंगवाल्याने भीत भीत ठेका धरला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि बघता बघता सगळी पुळण हसून लोळायला लागली. निजामची आजी रहमतबी पदराने डोळे पुसत हसत होती.

सूर्य बुडाला, तेव्हा बाबली एकटाच बाहेर आला. चेहरा लहान पोरासारखा फुललेला.

"उद्या खेळ होतलो!" तो ओरडला.

भक्तीने त्याला मिठी मारली आणि थबकली. तालमीसाठी तोंडाला रंग कुणीच लावला नव्हता. बाबलीच्या उजव्या गालावर मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी गालाचा ठसा होता... राक्षसाच्या तांबड्या रंगाचा, अजून ओला.