दार उघडलं की थांबणारी पावलं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुपार. प्रयोगशाळेत मावशी एकटीच होती.

तिचं काम तसं किचकट. जेलच्या थेंबातून क्ष-किरण सोडायचे. मग खोलीबाहेरच्या पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते. जेल आतून जरा जरी हललं, तरी नक्षी बदलते. खोलीत कुणी नुसतं चाललं तरी ठिपके थरथरतील, इतकं ते नाजूक.

पण किरण चालू असताना आत कुणी नसतंच. शिशाचं जाडजूड दार असतं. ते उघडलं की किरण आपोआप बंद.

दार लावण्याआधी कोपरे तपासून हाक द्यायची, हा नियम.

"आत कुणी आहे का?"

काका, म्हणजे मावशीचे यजमान, तेही तिथेच कामाला होते. ते आतून ओरडायचे, "मी आहे, पण मला मोजू नकोस!" वर्षानुवर्षं तोच विनोद. मावशी वैतागायची.

काका नुकतेच गेले होते. घर खायला उठायचं, म्हणून ती सुट्टीलाही कामावर जायची.

त्या दुपारी तिने हाक दिली. उत्तर आलं नाही. तिने दार लावलं.

आणि ठिपके थरथरले...

थांबले... पुन्हा थरथरले.

एक झटका जोरात. दुसरा लांबलेला, घासत गेल्यासारखा...

काका डावा पाय ओढत चालायचे.

तिने मुख्य इमारतीतल्या ऑपरेटरला फोन लावला. "अरे, कुठे पंप चालू आहे का?"

"नाही ताई, सगळं बंद आहे. आज तिकडे तुम्ही एकट्याच."

आतल्या कॅमेऱ्यात खोली रिकामी होती.

तिने धावत जाऊन दार उघडलं. किरण बंद झाले, पडदा काळा पडला. आत कुणीच नव्हतं.

दार लावलं... पावलं सुरू.

शेवटी जेल वाळून ठिपके थिजेपर्यंत ती पडद्यासमोर बसून राहिली. खूप रडली.

अजूनही ती दर रविवारी जाते. कोपरे तपासते, पण हाक देत नाही. का, म्हणून मी विचारलं.

"उत्तर आलं तर दार कसं लावू गं? आणि दार लावलं नाही, तर त्याची पावलं दिसणार कशी?"

तेव्हापासून रविवारी तिने फोन उचलला नाही, की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.