हातवळण

उदगीरच्या त्या इस्पितळात केतकी डोंगरदिवे पहिल्यांदाच आली होती, तरी ऑपरेशन थिएटरमधलं एकही कपाट उघडताना तिला कोणाला विचारावं लागलं नाही. बारीक टाक्यांचा दोरा खालच्या खणात, डावीकडे. मोठ्या दिव्याची दांडी जरा सैल, तेव्हा ती हलक्या हाताने फिरवायची. हात धुवायला जाण्याआधी ती पेशंटजवळ उभी राहिली, आणि त्याला भूल चढत असताना तिचा अंगठा आपोआप त्याच्या भुवईवरून फिरला, सावकाश, नाकाकडून कानशिलाकडे.

"चढलं म्हणा वळण," थिएटरचे जुने वॉर्डबॉय इस्माईलमामा म्हणाले. "आमच्याकडं आलेली प्रत्येक सिस्टर असंच करती."

केतकी मास्कआड हसली. प्रत्येक थिएटरची अशी एखादी खोड असायचीच.

त्या काळात तालुक्याच्या गावांत थिएटरला कायमच्या सिस्टर उरल्या नव्हत्या. फिरत्या सिस्टर येत, काही महिन्यांच्या करारावर काम करत आणि पुढच्या गावाला जात. पूर्वी याची मोठी अडचण होई, कारण थिएटरचं काम शिकवण्यापेक्षा सहवासानेच जास्त येतं. कीर्तनात झांजेवाला बुवांच्या मानेकडे पाहून ओळखतो की आता लय वाढणार. त्याला खूण करावी लागत नाही. तसंच सर्जनने नुसता तळवा पुढे केला की त्यावर काय ठेवायचं, हे सिस्टरच्या हाताला कळावं लागतं. ते कळेपर्यंत करार संपलेला असे.

यावर तोड काढली पुण्याच्या डॉ. निरंजन कोलारकरांनी. पोळी लाटणं, सायकल चालवणं यांची आठवण मेंदूत एका जागी राहते आणि काल कोण भेटलं, काय बोललं याची दुसऱ्या जागी, हे ज्ञान जुनंच होतं. कोलारकरांनी पहिल्या जागेतल्या पेशींच्या जोडण्यांचा नकाशा उतरवून घेतला आणि तो दुसऱ्याच्या मेंदूत उमटवून दाखवला. त्याचं शास्त्रीय नाव बोलताना दम लागे. सिस्टर त्याला 'हातवळण' म्हणत. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी डोक्यावर जाळीची टोपी चढवायची की त्या थिएटरचं हातवळण अंगात येई. करार संपला की ते उतरवून द्यायचं. यात सूट नव्हती, कारण एका हातात दोन थिएटरं राहिली तर हात गोंधळतो आणि ऐन रक्तस्रावात चिमटा उजवीकडे असताना डावीकडे जातो. मात्र उतरवलेलं वाया जात नसे. जाणाऱ्या सिस्टरच्या हाताने त्यात जी भर घातली असेल, तीही पुढच्या सिस्टरला मिळे.

केतकीला या फिरतीचा कंटाळा नव्हता. सामान एका बॅगेत मावायचं आणि कुठल्याही गावात पहिल्याच दिवसापासून ती जुनी असायची. आई चिडवायची, "तुला सासर नाही, पण सासरं मात्र गावोगावी."

पहिल्या आठवड्यातच, दुपारच्या जेवणाच्या वेळी, एक बाई तिला शोधत आली. चाळिशीची, खांद्याला शबनम, प्रवासाने चेहरा उतरलेला.

"केतकी सिस्टर तुम्हीच ना? मी सुमेधा आठल्ये. चिपळूणहून आले."

"चिपळूण?" केतकीने खुर्ची पुढे केली. "गेल्या पावसाळ्यात मी तिथेच होते. बसा ना ताई, चहा सांगते." तिला भाड्याची खोली आठवली, वाशिष्ठीचा पूल आठवला, खानावळीतल्या काकूंची सोलकढी आठवली. थिएटर तेवढं आठवेना. पण सोडून आलेलं थिएटर कधीच आठवत नसे. त्याचं तिला काही वाटतही नसे.

"माझे वडील वसंतबुवा. कीर्तन करायचे. हृदयाचं ऑपरेशन होतं, टेबलावरच गेले."

"अरेरे. फार वाईट झालं हो."

"तुमच्यासमोर गेले, सिस्टर."

केतकी समोरच्या खुर्चीत बसली.

सुमेधा पुढे सांगत राहिली. बरेच दिवस मनात घोळवलेलं असावं, तसं ते एका दमात आलं. "मी त्यांना पेटीची साथ करायची. लहानपणापासून. उतारवयात त्यांचा ताल सुटायला लागला. धुमाळीच्या ठेक्यात शेवटची मात्रा खायचे. मी सांभाळून घ्यायची, तबलेवालाही घ्यायचा. पण रामनवमीच्या उत्सवात, उत्तररंगातलं आख्यान ऐन भरात आलेलं, आणि ते परत परत तीच मात्रा खायला लागले. मी पेटी थांबवली. भर कीर्तनात. म्हटलं, 'नाना, चुकताय.'"

केतकीला कीर्तनातलं फार कळत नव्हतं, पण हे कळलं. "सगळ्यांसमोर?"

"सगळं देऊळ ऐकत होतं. ते काही बोलले नाहीत. तसंच उरकलं, आरती केली, घरी आले. नंतर माझ्याशी बोललेच नाहीत. ऑपरेशनचंसुद्धा मला शेजाऱ्यांकडून कळलं. पोचेपर्यंत संपलं होतं." तिने शबनममधून फोटो काढला. उपरणं, गळ्यात हार, हातात झांज, कपाळाला बुक्का. "भूल देणारे डॉक्टर म्हणाले, बुवा सिस्टरांचा हात धरून बराच वेळ बोलत होते. यंत्रांच्या आवाजात त्यांना शब्द कळले नाहीत. पण तुम्ही म्हणालात ते ऐकू आलं. तुम्ही म्हणालात, 'सांगते हो तिला, नक्की सांगते.' एवढंच विचारायला आले. काय सांगायचं होतं? राग गेला होता का त्यांचा?"

केतकी फोटोकडे पाहत राहिली. माणूस प्रेमळ दिसत होता. तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"ताई, मला हे आठवत नाही."

"शेकडो पेशंट बघता तुम्ही. सावकाश आठवा, मी थांबते."

"तसं नाही. विसरायला आधी असावं लागतं ना काही. इथे काहीच नाहीये."

फिरत्या सिस्टरांच्या शंका ऐकायला डॉ. कोलारकर दुपारी स्वतः पडद्यावर येत. सुमेधाला शेजारी बसवून केतकीने त्यांना गाठलं. पांढऱ्या दाढीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस समोर दिसू लागला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ते बोलत असताना तुमचा हात त्यांच्या हातात होता?"

"असणारच. भूल चढेपर्यंत मी पेशंटचा हात सोडत नाही. पहिल्यापासूनची सवय आहे."

कोलारकरांनी चष्मा काढला.

"डॉक्टर, मला शास्त्र कळत नाही," सुमेधा म्हणाली. "यांच्या डोक्यातून हातांची कामं काढायची होती ना? माझ्या वडिलांचं बोलणं का काढलंत?"

"आम्ही मुद्दाम काढलं नाही, ताई. हाताची आठवण आणि मनाची आठवण वेगवेगळ्या जागी राहतात, हे खरंच आहे. पण त्यांच्यामध्ये धागे असतात. एखादी गोष्ट हाताने आणि मनाने एकाच वेळी अनुभवली की ते धागे घट्ट विणले जातात. हाताचं टोक ओढलं की..." त्यांनी वाक्य बदललं. "नुसतं कानाने ऐकलेलं सहसा राहतं. हात हातात घेऊन ऐकलेलं कधी कधी जातं."

"कधी कधी म्हणजे?" केतकीने विचारलं.

"ते मोजता येत नाही, सिस्टर. काही गेलंय हे ज्याने ओळखायचं, त्याचंच तर ते गेलेलं असतं. आम्हाला फार उशिरा शंका आली."

"मला करार करताना सांगितलं होतं, फक्त सराव जातो. तेवढ्या भरवशावर मी त्यांना शब्द दिला असणार. तिथला माझा शेवटचाच दिवस असेल, म्हटलं असेन, हातवळण उतरवून दिलं की फोन करू यांच्या मुलीला."

सुमेधाने विचारलं, "परत नाही का चढवता येत यांना?"

"शब्द आमच्याकडे आलेच नाहीत. धागा तुटला तिथेच ते विरले. आमच्याकडे आला तो हात. त्या हाताने काही नवीन उचललं असेल तर ते चिपळूणच्या थिएटरात आहे, आता ज्या सिस्टर तिथे असतील त्यांच्याकडे. त्यांना भेटून पाहा. पण फार आशा धरू नका."

सुमेधा गेली. जाताना केतकी तिला म्हणाली, "मला माफ करा," आणि सुमेधा म्हणाली, "तुमचा काय दोष?" दोघींनाही ते पुरेसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी सुमेधाचा फोन आला.

"सिस्टर, मी चिपळूणला आहे. इथल्या नूतन सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, आमच्या थिएटरची एक गंमत आहे, भूल चढताना आमची बोटं पेशंटच्या तळव्यावर वाजतात. का ते ठाऊक नाही, पेशंटला बरं वाटतं. मी म्हटलं, माझ्या हातावर करून दाखवा."

"मग?"

"धुमाळी आहे, सिस्टर. आमच्या नानांची. तो वळसा दुसऱ्या कोणाचा नाही. आणि शेवटची मात्रा खाल्लेली नाही. पुरी आहे. मी परत परत वाजवून घेतली. प्रत्येक वेळी पुरी आहे."

केतकीने फोन कानाशी घट्ट धरला.

"म्हणजे त्यांनी ती घोटली असणार ना? माझं मानलं असणार. हेच सांगायचं असेल त्यांना." थोडं थांबून ती म्हणाली, "का भीती वाटली म्हणून नुसतेच वाजवत होते? तुम्हाला काय वाटतं?"

"तसंच असेल, ताई. तुम्ही म्हणता तेच."

"तुम्हाला आठवलं असतं तर नक्की कळलं असतं," सुमेधा म्हणाली. त्यात राग नव्हता. मग तिने फोनजवळ टेबलावर तो ठेका वाजवून दाखवला. केतकीने डोळे मिटले, स्वतःचा तळवा उताणा धरला, वाट पाहिली. ठेका चांगला होता. तळव्याला काहीच आठवलं नाही. उद्या चिपळुणात कोणी अनोळखी माणूस टेबलावर झोपेल आणि एका बापाचा निरोप त्याच्या हातावर वाजेल; ज्या हातावर तो पहिल्यांदा दिला गेला, तो हात मात्र कोरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाच्या ऑपरेशनसाठी एक आजी टेबलावर होत्या. भूल चढायला लागली तशी त्यांनी चाचपडत केतकीचा हात धरला.

"सिस्टर बाई, माझ्या बबनला एवढं सांगा..."

केतकीने आजीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि मग हळूच बाजूला वळवला. "आजी, मला नका सांगू. मी विसरेन. मामा, जरा इकडे या. आजी, हे इस्माईलमामा. हे इथलेच आहेत, कुठे जात नाहीत. यांच्या कानात सांगा."

मामा गोंधळले, पण वाकले. आजी त्यांच्या कानाशी पुटपुटू लागल्या. केतकीने ऐकू येऊ नये म्हणून मान फिरवली. तिचा हात मात्र रिकामा झाला तसा आपणहून वर गेला, आणि अंगठा आजींच्या भुवईवरून फिरू लागला, सावकाश, नाकाकडून कानशिलाकडे.

तिने अंगठ्याकडे पाहिलं. हे कोणाचं होतं? इथे कोण असं झोपलं होतं, कोणी त्याच्या कपाळावरून हात फिरवत काय ऐकलं होतं, आणि बाहेर कोण अजून वाट पाहत होतं? ती सिस्टर आता कुठल्या गावी असेल, आणि तिला हे कोणी विचारलं तर ती काय सांगेल?

"सांगून झालं, सिस्टर," मामा म्हणाले.

आजी झोपल्या होत्या. केतकीचा अंगठा थांबेना, आणि तिलाही तो थांबवावासा वाटेना.